मेलेल्यांना गावपळण नसते

"उद्या जो कोणी गावाबरोबर वेशीबाहेर जाईल, त्याने येत्या रविवारी कम्युनियन घ्यायला पुढे यायचं नाही," फादर म्हणाले, आणि आमच्या एवढ्याशा कपेलात बसलेल्या अकरा घरांच्या माना एकदम माझ्या सासूकडे वळल्या.

वळणारच. नतालीनमाय म्हणजे आमच्या किरिस्तांव वाडीचं चालतंबोलतं शास्त्र. घरातलं मीठ संपलं तर ती शेजारून मागून आणायची, पण सांजेची तेर्स, म्हणजे आमची जपमाळ, एक दिवस चुकलेली मी पाहिली नाही. चाळीस दिवसांच्या उपासात ती एकवेळ जेवायची आणि वर म्हणायची, "जीभ जरा गप ऱ्हवता." त्या दिवसांत ती मलाही कमी बोलायची, म्हणून मला तो उपास फार आवडला होता. लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालेलं. माहेर वेंगुर्ल्याचं, चार बुकं शिकलेली, पाचवा महिना लागलेला. देवाच्या खालोखाल मी सासूला भीत असे, आणि खरं सांगायचं तर क्रम कधीकधी उलटाही व्हायचा.

गावपळण मी तोवर नुसती ऐकली होती. तीनचार वर्षांनी एकदा, भातं झोडून झाली की, आंबेरवळच्या ग्रामदेवाला कौल लावायचा. देवाने होकार दिला की सगळ्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, खाटेवरचे म्हातारे, सगळ्यांनी. मागे चूल पेटता कामा नये, दिवा जळता कामा नये, जिवंत म्हणून काही उरता कामा नये. त्या दिवसांत गावात देवाचा फेरा असतो आणि फेऱ्यात जो सापडतो तो परत येत नाही, असं सांगत. आमची किरिस्तांवांची घरंही पूर्वापार गावाबरोबर निघत. जुने फादर त्याकडे काणाडोळा करायचे. हे नवे होते, तरुण होते, आणि 'माझ्याशिवाय दुसरा देव मानू नकोस' ही पहिली आज्ञा त्यांना तोंडपाठ होती.

मिस्सा संपल्यावर त्यांनी मायला दारात गाठलं. "नतालीनबाई, तुम्ही मागे राहिलात की बाकीचे राहतील. एक देव मानायचा तर तो अर्धवट नाही मानता येत."

"ता खरा," माय म्हणाली. "अर्धवट माका काय्येक जमणा नाय."

फादर खूश होऊन गेले. मी मात्र मनात दिवस मोजले. तीन दिवस त्या रिकाम्या गावात, आणि सोबतीला सासू! घरी आले तर माय ओटीवर बसून तांदळाचं गाठोडं बांधत होती.

"माय, म्हणजे आपण जायचं?"

"मगे? गाव उघड्यार निजतलो आणि आपण कौलांखाली? आमच्या घराक आग लागलेली तेवा ह्येंच्यातलो कोण म्हणाक नाय, ह्यांचो देव येगळो, जळांदे म्हणान."

"पण फादर..."

"फादराक मी सांगान काय ता. तू चटई घे."

असं तिचं. वाद घालायला समोरच्याला जागाच ठेवायची नाही. माझा नवरा बस्त्याव कोपऱ्यात कोंबड्यांचे पाय बांधत होता. त्याने माझ्याकडे बघून नुसते खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ढोल वाजला आणि गाव निघालं. सगळ्यांच्या पुढे तातू गावकर, हातात देवाची चांदीच्या मुठीची काठी. गावचा पहिला मान त्याच्या घराण्याचा, आणि आमच्या अकराही घरांची भातशेती त्याच्याच जमिनीत. तो बोलला की गाव बोललं. माणूस वाईट नव्हता. अडल्यानडल्याला दारात उभा राहायचा, पण मानाला एवढासा धक्का लागलेला त्याला खपायचा नाही. त्याच्यामागे गुरं, गुरांमागे बायकापोरं. राण्यांच्या म्हाताऱ्याला घरघर लागलेली, त्यालाही चौघांनी डोलीत घालून आणला. वाटेत गेला तर गेला, पण आत मरायचं नाही.

व्हाळावर, म्हणजे वेशीवरच्या ओढ्यावर, पोफळीच्या खोडांचा साकव होता. तो ओलांडला की वेस संपली. सगळी पलीकडे उतरल्यावर तातू साकवाच्या तोंडाशी उभा राहिला आणि गावाकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "आत कोण जितो आसा काय?"

तीनदा हाक द्यायची रीत. तिन्ही वेळा पलीकडून काही आलं नाही. आवाज डोंगराला लागून परत यायचा तेवढाच. मी मायच्या मागे सरकले, तशा शेजारच्या बायका हसल्या. "वेंगुर्लेकारीण भियाली गो," म्हणाल्या.

माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या राहिल्या, भजन लागलं, पोरी फुगडीला उभ्या राहिल्या. मला वाटलं, ही तर जत्राच की. पण सांज झाली तशी सगळी साकवाकडे पाठ करून बसली. एका म्हातारीने मला सांगितलं, मागे एकदा कुणी शेळी विसरली म्हणून परत गेला होता. शेळी साकवावरून चालत आली. माणूस नाही आला. मी त्या रात्री मायच्या पदराला धरून झोपले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तेव्हा माय आणि मी व्हाळावर भांडी घाशीत होतो. द्वारकी येऊन शेजारी बसली. ही तातूच्या धाकट्या भावाची विधवा. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. पांढरं कपाळ, मोकळे हात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने भांडं आणलं नव्हतं. नुसते हातच पाण्यात बुडवून बसली.

"नतालीनबाय," ती हळूच म्हणाली, "तुमच्या कपेलात सांगतत मां, मेलेलो माणूस थडग्यातसून उठान भायर इलो म्हणान?"

"सांगतत."

"तुमी मानतास?"

"मानतंय."

"मगे माझ्या घोवाक भायर काढा."

माझ्या हातातला टोप पाण्यात गेला. द्वारकीचा नवरा भिकाजी मेल्याला सहा वर्षं झाली, असं मी ऐकलेलं. पण मायचं तोंड पाहिलं तर तिला काही नवल वाटलं नव्हतं. ती फक्त भांडं घासायची थांबली होती.

मग द्वारकीने सांगितलं ते असं. भिकाजीला महारोग झाला. ज्या घरात असा माणूस, त्या घराला देवाची काठी धरता येत नाही. तेव्हा तातूने भटाला बोलावून दर्भाचा पुतळा केला, तो जाळला, दहावं घातलं, तेरावं घातलं, द्वारकीच्या बांगड्या फोडल्या. भिकाजीला डोंगरावर काजूंच्या मागे खोप बांधून दिली. सगळ्या गावाला ठाऊक, पण मेल्याचं नाव कोण काढणार? द्वारकी दिवसाआड एका दगडावर पेज ठेवून यायची आणि तो ती उचलायचा. मागच्या गावपळणीला तो आपला आपण डोंगर उतरून पलीकडे गेला होता. मायही याच समजुतीत होती, की याही वेळी गेला असेल.

"दिवाळीपासना तेचो पाय गेलो," द्वारकी म्हणाली. "सरपटता नुसतो. मी भावजींका सांगलंय, डोलयेत घाला, नायतर माका तरी न्हेवंदेत. ते म्हणाले, मेलेल्यांका गावपळण नसता."

ती रडत नव्हती. रडून झालेलं असावं. मायने पदराला हात पुसले, कपाळापासून छातीपर्यंत बोटांनी खुरीस, म्हणजे क्रूस, काढला आणि एवढंच विचारलं, "पेज कधी ठेवलेलंस?"

"परवा सांजेक."

माय उठली. खोपीतून तिने तांदळाची पुरचुंडी, काड्यापेटी आणि आपली थंडीची शाल घेतली. बस्त्याव तिला आडवा आला. त्याला काय झालंय ते मी सांगितलं.

"माय, खुळी झालंस काय? तातू जमीन काढून घेतलो. अकरा घरां आसत. तुझ्यापायी सगळ्यांका गाव सोडूक लागात!"

"लागात."

"आणि आत फेरो आसा!"

"तू मानतंस फेरो?"

कपेलात पहिल्या बाकावर बसणारा माझा नवरा, पण फेऱ्याला भिणाऱ्यांतही पहिलाच. मायने त्याच्या गालावर हात ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा, आणि त्याला बाजूला करून ती चालू लागली. माळावर भजन रंगात आलं होतं. साकवाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मी तिच्यामागे का गेले ते मला आजही धड सांगता येत नाही. बस्त्याव मला ओरडून परत बोलवू शकत नव्हता, ओरडला असता तर सगळ्या माळाला कळलं असतं. साकवाच्या मध्यावर मायने मागे वळून पाहिलं. "तू ऱ्हव," म्हणाली. मी राहिले नाही. ती पावलं हळू टाकायला लागली.

रिकामं गाव कधी कुणी पाहू नये. दारं ओढलेली, अंगणं झाडलेली, तुळशींपुढे वाळलेली फुलं. कावळासुद्धा नाही. माणूस नाही तिथे कावळा तरी कशाला येईल? आमच्याच पावलांचा आवाज आमच्या मागून येतोय असं वाटून मी दोनदा वळून पाहिलं. राण्यांच्या पडवीतला झोपाळा हलत होता. वारा नव्हता. निदान मला तरी लागत नव्हता. मी मनात तेर्स म्हणायला घेतली, पण दर वेळी मधेच चुकायचे आणि पुन्हा पहिल्या मण्यावर यायचे.

"माय," मी कसंबसं म्हटलं, "फादर म्हणतात बाहेर गेलात तर पाप. गाव म्हणतं आत आलात तर पाप. आपण दोन्ही केली."

"फादरान आपला सांगल्यान. गावान आपला सांगल्यान," माय चालता चालता म्हणाली. "जेजू क्रिस्तान काय सांगल्यान ता कोणी इचारूक नाय. चल, पाय उचल."

देवळासमोरून जाताना तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. कुणा परक्याच्या दारावरून जाताना करतो, तसा. मग डोंगराची चढण लागली.

काजूंच्या मागे खोप होती. बांबूचं कवाड पुढे ओढलेलं. कुजकट वास येत होता, आणि मला वाटलं, उशीर झाला.

"भिकाजी," मायने हाक मारली. "मी नतालीन."

आतून बारीक आवाज आला. "बाय, पाठी जावा."

"जितो आसस मां?"

"नाय."

हे उत्तर ऐकून हसावं की रडावं, मला कळेना. मायने कवाड बाजूला केलं. आत गोणपाटावर एक माणूस पडला होता, निम्मा माणूस म्हटलं तरी चालेल. बोटं झडलेली, एक पाऊल नाहीच, आणि अंगात थंडीची हुडहुडी. मडकं कोरडं होतं. मायने त्याला उठवून बसवला. मला म्हणाली, "तू दारात ऱ्हव, तू दोन जिवांची," आणि स्वतः मात्र त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"काल दादान हाक मारल्यान ती ऐकलंय मी," भिकाजी म्हणाला. "तीनदा. ओ देवक नाय. दिली असतंय तर तेचो मान गेलो असतो."

मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला तिचा रागही आला. मी तिथे भीतीने मरत होते आणि ही परक्या माणसासाठी रडत होती.

मग तिने खालच्या झऱ्यावरून मडकं भरून आणलं, पण थंड पाणी त्याच्या घशाखाली उतरेना. दात नुसते एकमेकांवर आपटत होते. मायने तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या.

"माय, धूर दिसेल!"

"दिसांदेत."

धूर दिसलाच. वारा नव्हता, तो सरळ काजूंच्या वर चढला. पेजेला कढ येतो न येतो तोच माळावरचं भजन थांबलं. मग ढोल सुरू झाला, पण तो भजनाचा नव्हता. गावात चोर शिरला, आग लागली, की वाजवतात तसा. भिकाजी ऐकत होता. पेजेचा घोट त्याच्या ओठांवरून ओघळला.

"बाय, तुमका मारतले," तो म्हणाला.

"आदी पी," माय म्हणाली.

तो प्याला. सगळी प्याला. मग मायने खोपीचं कवाड उपसून काढलं, त्यावर तिची शाल पसरली आणि त्याला ओढून वर घेतला. माझ्याकडे पाहून म्हणाली, "कार्मेली, पायाकडची बाजू हलकी आसा. जमात तर धर. नाय जमला तर मी ओढीत न्हेन."

ओढत नेलं असतं तिने, मला खात्री होती. मी कवाड धरलं. पहिल्या उतारावर पोटात कळ आली आणि मी थांबले. मायही थांबली. वाट पाहत राहिली. मी मान हलवली तशी पुन्हा चालू लागली. वाटेभर भिकाजी एकच म्हणत होता, "माका हयच ठेवा, हयच ठेवा." पुढे तेही थांबलं.

साकवाच्या पलीकडे सगळं गाव उभं होतं. पुरुषांच्या हातात काठ्या. आत यायची कुणाची छाती नव्हती, आणि आम्हाला बाहेर येऊ द्यायची तयारीही नव्हती. आम्ही पहिल्या खोडावर पाय ठेवला तसा एक दगड आला आणि साकवाच्या कठड्याला लागून व्हाळात पडला. बस्त्यावने फेकणाऱ्याचा हात धरलेला मला दिसला. पुढे मधोमध तातू उभा होता, देवाची काठी घेऊन.

"थयच थांब, नतालीन! चूल पेटयलंस? फेरो मोडलंस? आता दिस परत पयल्यापासना मोजूक होये. ही पोरांढोरां आणखी तीन दिस हय कुढतली, ती तुझ्यापायी!"

"माझ्यापायी कशी?" माय म्हणाली. धाप लागली होती, पण आवाज शांत होता. "मी आत्ता गेलंय. ह्यो कालपासना आत आसा. फेरो मोडलो तो कालच."

"तो मेलेलो."

"तातू, मेलेले मी लय न्हाणयलंय. ह्यो पेज पिलो."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"तुमच्या देवान काय सांगलेला?" माय पुढे म्हणाली. "जिता म्हणान आत काय्येक ऱ्हवता नये. मी तुमचो देव मानणंय नाय, ता तुमका ठावक आसा. पण तेका दिलेलो सबद तुमी मोडलास, तो मी पुरो करतंय. बाजूक सर."

"तेका घेवन पाठी जा," तातू एकेक शब्द तोडत म्हणाला. "नायतर उद्यापासना तुमच्या अकरा घरांतलो एक माणूस आंबेरवळात पाय ठेवूचो नाय. सगळ्यांसमोर सांगतंय."

झालं. ज्याला बस्त्याव भीत होता ते बोललं गेलं. आमच्याच वाडीतला पास्कू मागून ओरडला, "नतालीन, पाठी फिर गो! आमच्या पोरांचो इचार कर!" त्याचं तरी काय चुकलं? त्याची पाच पोरं होती.

मायने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या डोळ्यांत मला भीती दिसली. जी बाई फादरला भ्यायली नाही, फेऱ्याला भ्यायली नाही, ती माझ्या पोटाकडे बघून घाबरली होती.

"कार्मेली," ती हळू म्हणाली, "तू कवाड खाली ठेव आणि फुडे जा. तुका कोण काय म्हणाचो नाय."

"हात सुटणत नाय, माय," मी म्हटलं. ते खरंच होतं. बोटं बांबूला आवळून बसली होती आणि उघडायला सांगितलं तरी उघडत नव्हती.

तेवढ्यात कवाडावरून भिकाजी बोलला. गाव एवढं शांत होतं की तो बारीक आवाजही पलीकडे पोचला.

"दादा, माका पाठी धाड. बायकांका कशाक तरास? मी काय आता लय दिस नाय."

तातूने त्याच्याकडे पाहिलं नाही. सहा वर्षांत त्याने पाहिलं नसेल आणि आता पाहायचं नाही असा निश्चय करून तो मायच्या डोक्यावरून, मागच्या रिकाम्या गावाकडे बघत राहिला.

मग बायकांच्या गर्दीतून द्वारकी निघाली. कुणीतरी तिचा पदर धरला, तो तिने सोडवला. दिरासमोर जिने सहा वर्षांत मान वर केली नव्हती, ती त्याच्या समोरून चालत गेली आणि साकवावर चढली. माझ्यापाशी आली. माझी बोटं तिने एक एक करून कवाडावरून सोडवली. मग तिने ती बाजू उचलली, आणि तिथूनच, मान न वळवता, म्हणाली,

"भावजी, मी रांडाव नाय. माझो घोव जितो आसा. तुमी बघतास, सगळो गाव बघता."

मी साकवावरच बसले. त्या दोघी पुढे सरकल्या. पुढे माय, मागे द्वारकी, मधे तो. शेवटच्या खोडापाशी येऊन थांबल्या, कारण तिथे तातू उभा होता आणि त्याच्यावरून जायला वाट नव्हती. माय त्याच्या छातीशी उभी. दोघांच्या मधे हातभराचं अंतर. आता हा काठी उचलणार, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असणार, कारण बस्त्याव गर्दी फोडून पुढे धावला.

तातूने काठी उचललीही. शेजारी राण्यांचा थोरला उभा होता. तातूने ती त्याच्या हातात दिली. तो घ्यायला तयार होईना, तर तातूने त्याची बोटं मुठीवर दाबून दिली. मग तो बाजूला सरला. कवाड त्याच्या अंगाला घासून पलीकडे गेलं. वेशीबाहेर. तातूने अजूनही खाली पाहिलं नव्हतं. गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं, आणि ढोलकऱ्याला तो काय सांगतो याची वाट पाहत होतं.

"ढोल वाजय," तातू म्हणाला. "आज पयलो दिस."

कालचा दिवस गेला, त्यांच्या लेखी झालाच नाही, आणि तो का झाला नाही, कालपासून आत एक जिवंत माणूस होता म्हणून, हे तिथल्या लहान पोरालाही समजलं होतं. ढोल वाजायला लागला. माणसं खाली मान घालून खोपींकडे वळली. आमच्याकडे कुणी पाहत नव्हतं, पास्कूही नाही. अकरा घरांचं काय, ते तातूने सांगितलं नाही आणि कुणाची विचारायची हिंमत झाली नाही.

बस्त्यावने मला साकवावरून उचलून आणलं. पोटातली कळ थांबली होती. आमच्या खोपीत भिकाजी, त्याच्या उशाशी द्वारकी. माय बाहेर तांदळाचं गाठोडं सोडून बसलेली. तिने त्यात हात घालून पाहिलं.

"बस्त्याव, आणखी तीन दिस. दोन माणसां वाढली. पुरतीत काय रे?"

"पुरूचे नाय, माय."

"मगे पेज पातळ कर," माय म्हणाली.